पीएमसीची मुलाखत: सोसायटीच्या कमिटीसमोर जाण्याआधी टीमची तयारी

मुंबई, ठाणे, पुण्यात जुन्या गृहनिर्माण सोसायट्या रीडेव्हलपमेंटला निघाल्या की बिल्डरच्या आधी पीएमसी नेमतात, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट, सोसायटीच्या बाजूने प्रकल्प सांभाळणारा सल्लागार. कमिटी प्रस्ताव मागवते, त्यातल्या तीन-चार फर्मना मुलाखतीला बोलावते, आणि शेवटचा निर्णय विशेष सर्वसाधारण सभेत, म्हणजे एसजीएममध्ये होतो. नव्या आर्किटेक्ट, इंजिनिअर किंवा सल्लागार फर्मचा प्रस्ताव कागदावर चांगला असतो आणि मुलाखतीत पडतो. मुलाखत म्हणजे कामं दाखवायची जागा, असं समजून टीम जाते. समोरच्या सात-आठ जणांना मात्र तीन गोष्टी कळायला हव्या असतात: आमची इमारत तुम्ही वाचलीय का, पुढची चार-पाच वर्षं आमच्याकडे नक्की कोण येणार, आणि बिल्डरशी वाद झाला तर तुम्ही कुणाच्या बाजूचे. खालची सगळी तयारी या तीन प्रश्नांसाठी आहे.

तयारीला साधारण दहा दिवस हातात धरा. पाचच मिळाले तर प्रेझेंटेशनच्या सजावटीतून कापा, खालच्या दुसऱ्या टप्प्यातून, म्हणजे इमारत वाचण्यातून, कापू नका.

१. बोलावणं आलं की आधी विचारून घ्या

सेक्रेटरींना फोन करा आणि लगेच व्हॉट्सॲप किंवा ईमेलवर लेखी खात्री घ्या:

– एकूण वेळ किती, त्यात प्रश्नोत्तरं धरली आहेत का
– समोर फक्त मॅनेजिंग कमिटी असेल की रीडेव्हलपमेंटची उपसमिती आणि इतर सभासदही
– किती फर्म येणार आहेत आणि तुमचा क्रम कितवा
– गुणांकन आहे का, असल्यास कुठल्या मुद्द्याला किती गुण
– शुल्काची चर्चा याच बैठकीत की वेगळी
– जागा कुठली: सोसायटीचं ऑफिस, गच्ची, जवळच्या शाळेचा हॉल की कुणाचं घर, प्रोजेक्टर आहे का

गुणांकनाचा प्रश्न संकोचाने वगळला जातो. बऱ्याच सोसायट्यांकडे तक्ता तयार असतो आणि मागितला तर देतात. अनुभवाला ४० आणि शुल्काला २० गुण असतील तर तुमचा वेळ कुठे खर्च करायचा ते तिथेच ठरतं.

याच फोनवर कागद मागा. प्रॉपर्टी कार्ड (जमिनीच्या मालकीचा सरकारी उतारा), कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर करणारा दस्त) किंवा डीम्ड कन्व्हेयन्सचा (बिल्डरने दस्त न दिल्यास सरकारकडून मिळणारा) आदेश, मंजूर नकाशे, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र), सभासदांची यादी आणि प्रत्येकाचं क्षेत्रफळ, स्ट्रक्चरल ऑडिट झालं असेल तर त्याचा अहवाल. सगळं मिळणार नाही. काय मिळालं नाही हीसुद्धा माहितीच आहे. कन्व्हेयन्सबद्दल विचारल्यावर सेक्रेटरी विषय बदलत असतील तर ते बहुधा झालेलं नाही.

२. इमारत वाचा

इथे सर्वांत जास्त वेळ घालवा. दोन जणांनी अर्धा दिवस प्रत्यक्ष जागेवर, सेक्रेटरींना कळवून. एकदा सकाळी आणि जमल्यास एकदा रात्री नऊनंतर जा. पार्किंगची खरी अवस्था रात्रीच दिसते.

जागेवर हे टिपा: समोरच्या रस्त्याची रुंदी टेपने मोजून, भूखंडाचा आकार आणि कोपरे, मोठी झाडं, नाला किंवा उच्चदाब वाहिनी, तळमजल्यावर दुकानं असतील तर किती, बंद केलेल्या बाल्कन्या आणि वाढवलेले पत्रे, शेजारच्या भूखंडाशी सामाईक वाट. फोटो काढताना सभासदांची घरं, नावाच्या पाट्या आणि मुलं येऊ देऊ नका. प्रेझेंटेशनमध्ये कुणाचं वाळत घातलेलं अंथरूण दिसलं की ते घर तुमच्या विरोधात गेलं म्हणून समजा.

रस्त्याची रुंदी एवढी महत्त्वाची का, ते आकड्यांत बघा. मुंबईच्या उपनगरात १,२०० चौ.मी.चा भूखंड आहे असं धरू. डीसीपीआर २०३४ (मुंबईची विकास नियंत्रण नियमावली) च्या तक्त्यानुसार रस्ता ९ ते १२ मीटरच्या आत असेल तर मूळ १.०, प्रीमियम (पैसे भरून मिळणारा) ०.५ आणि टीडीआर (दुसरीकडचा विकत घेतलेला बांधकामहक्क) ०.५ मिळून एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येतं तो आकडा, २.० होतो. म्हणजे २,४०० चौ.मी., आणि त्यावर ३५ टक्क्यांपर्यंत फंजिबल (एफएसआयवर मिळणारं जादा क्षेत्र) धरलं तर ३,२४० चौ.मी. तोच रस्ता १२ मीटर किंवा त्याहून रुंद पण १८ च्या आत असेल तर टीडीआर ०.७ होतो, एफएसआय २.२, आणि फंजिबलसह ३,५६४ चौ.मी. फरक ३२४ चौ.मी.चा, म्हणजे जवळपास साडेतीन हजार चौरस फुटांचा. वीस-पंचवीस घरांच्या सोसायटीत एवढ्या जागेवरून सौदा जमतो किंवा फिसकटतो. म्हणून टेपने मोजलेला आकडा आणि महापालिकेच्या डीपी रिमार्कमधला (विकास आराखड्यात भूखंडावर काय दाखवलंय त्याच्या दाखल्यातला) आकडा, दोन्ही जवळ ठेवा. मंजुरीच्या वेळी कुठला धरला जाईल याचं उत्तर तुमच्या टीममध्ये एकाला तरी छातीठोकपणे देता आलं पाहिजे.

मग कार्यालयात बसून:

डीपी रिमार्क काढा आणि आरक्षण, रस्तारुंदी, सेटबॅक (रस्त्यासाठी सोडावी लागणारी जागा) बघा. प्रॉपर्टी कार्डावरचं क्षेत्र, कन्व्हेयन्समधलं क्षेत्र आणि मोजणीतलं क्षेत्र जुळतं का ते तपासा. जुन्या सोसायट्यांत हे तिन्ही आकडे एकसारखे असले तर नशीब समजा. तफावत असेल तर ती मुलाखतीत तुम्ही स्वतः सांगा, एका ओळीत, आणि ती कशी सोडवतात तेही सांगा. कमिटीला बहुतेक वेळा ही तफावत माहीत असते, आणि कुणाच्या लक्षात येते ते ती बघत असते.

कुठल्या नियमात प्रकल्प बसतो ते ठरवा. मुंबईत खासगी जमिनीवरची सोसायटी डीसीपीआरच्या नियम ३३(७)(बी) खाली पाहिली जाते. त्यात विद्यमान बांधीव क्षेत्राच्या १५ टक्के किंवा प्रति सदनिका १० चौ.मी. यातलं जे जास्त असेल तेवढं प्रोत्साहनपर क्षेत्र आहे. म्हाडाच्या वसाहतीतली इमारत असेल तर ३३(५), उपकरप्राप्त (दुरुस्ती उपकर भरणारी जुनी इमारत) असेल तर ३३(७). मुंबईबाहेर बहुतेक ठिकाणी डिसेंबर २०२० पासूनची युनिफाइड नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर. ठाण्याच्या सोसायटीसमोर मुंबईचे आकडे घेऊन गेलेल्या टीमला पुढचं कुणी ऐकत नाही. या नियमांत फेरबदल होत राहतात, म्हणून आकडे मुलाखतीच्या आठवड्यात पुन्हा तपासा.

विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर या पट्ट्यात विमानतळाची उंचीमर्यादा आधी बघा. कागदावर एफएसआय मिळतो आणि उंची अडवली गेल्यामुळे तो वापरताच येत नाही. बिल्डर हे फार उशिरा सांगतो. तुम्ही पहिल्याच बैठकीत सांगितलंत तर तेवढ्यावर बाकीच्यांच्या पुढे जाल.

क्षेत्रफळाची एकच भाषा ठरवा. सभासद चौरस फूट कार्पेटमध्ये विचार करतात, जुन्या करारनाम्यात बिल्टअप लिहिलेलं असतं, नियम चौरस मीटरमध्ये बोलतात, आणि रेराच्या (स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या) कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात पण बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. प्रत्येक स्लाइडवर चौरस फूट कार्पेट आणि शेजारी चौरस मीटर द्या, आणि कुठलं कार्पेट ते एकदा स्पष्ट लिहा. एक चौ.मी. म्हणजे १०.७६४ चौ.फूट, तोंडी हिशेब करताना ११ धरू नका, समोर निवृत्त बँक अधिकारी कॅल्क्युलेटर घेऊन बसलेले असतात.

३. कोण जाणार ते ठरवा

चार जण पुरेत, पाच म्हणजे कमाल. फर्मचे प्रमुख, प्रत्यक्ष प्रकल्प सांभाळणारी व्यक्ती, स्ट्रक्चरल इंजिनिअर, आणि महापालिकेची मंजुरी पाहणारा माणूस. सोसायटीत जमिनीचा किंवा कन्व्हेयन्सचा वाद असेल तर वकील.

दोन नियम पाळा. जो बोलणार नाही त्याने जायचं नाही. मागे भिंतीला टेकून मोबाइल बघणारा कनिष्ठ सहकारी सगळ्यांच्या डोळ्यांत येतो. आणि जो पुढे कामावर नसेल त्याने मुलाखत गाजवायची नाही. नावाजलेले भागीदार येऊन वीस मिनिटं बोलतात आणि काम मिळाल्यावर दिसत नाहीत, हा अनुभव सोसायट्यांनी घेतलेला असतो किंवा शेजारच्या बिल्डिंगकडून ऐकलेला असतो. म्हणून निम्म्याहून जास्त वेळ प्रकल्प सांभाळणाऱ्या व्यक्तीला द्या, मग ती वयाने लहान का असेना. प्रमुखांनी सुरुवात करायची, मध्ये गप्प राहायचं, शुल्क आणि जबाबदारीच्या प्रश्नांना उत्तर द्यायचं. प्रमुखांना गप्प बसवणं हाच बहुतेक फर्ममधला तयारीचा सगळ्यात अवघड भाग असतो.

बाहेरचा स्ट्रक्चरल सल्लागार घेत असाल तर तो तुमचा कर्मचारी असल्यासारखं दाखवू नका. ‘हे आमचे सहयोगी, याआधी अमुक कामं एकत्र केली’ एवढं सांगितलं की पुरे.

भाषाही आधी ठरवा. दादर-पार्ल्यात मराठी चालेल, घाटकोपर-मुलुंडला गुजराती सभासद असतील, बऱ्याच ठिकाणी मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळलेलं. टीममध्ये जो ज्या भाषेत सहज बोलतो त्याने त्याच भाषेत बोलावं. तांत्रिक शब्द मात्र सगळ्यांनी एकच वापरा: एकाने ‘चटई क्षेत्र’ आणि दुसऱ्याने ‘एफएसआय’ म्हटलं की ज्येष्ठ सभासद दोन वेगळ्या गोष्टी समजतात.

४. प्रेझेंटेशन

वीस मिनिटं, बारा ते चौदा स्लाइड. शिवाय दहा मिनिटांची छोटी आवृत्ती तयार हवीच, कारण तुमच्या आधीची फर्म वेळ खाणार आणि चेअरमन तुम्हाला ‘जरा आटोपतं घ्या’ म्हणणार.

क्रम उलटा करा. फर्मची स्थापना, पुरस्कार, ऑफिसचे फोटो हे शेवटी किंवा नाहीच. पहिल्या स्लाइडवर त्यांच्याच भूखंडाचा नकाशा. मग त्यांच्या इमारतीचे तीन-चार खरे प्रश्न, प्राथमिक क्षेत्रफळाचा हिशेब गृहीतकांसह, कामाचे टप्पे, त्यांच्यासाठी काम करणारी माणसं, पूर्ण झालेली दोन-तीन मिळतीजुळती कामं. पूर्ण झालेली म्हणजे ओसी मिळालेली. थ्रीडी चित्रं दाखवू नका. अजून काही ठरलेलं नसताना काचेचा मनोरा दाखवला की पुढे प्रत्येक जण तोच मागतो, आणि अनुभवी सभासदाला कळतं की हे चित्र दुसऱ्या प्रकल्पाचं आहे.

टप्प्यांच्या स्लाइडवर प्रक्रिया अचूक हवी: फिजिबिलिटी (व्यवहार्यता) अहवाल, सभासदांच्या सूचना, टेंडर, विकासकाची निवड, डेव्हलपमेंट ॲग्रीमेंट, वैयक्तिक करार, आयओडी (महापालिकेची प्राथमिक मंजुरी), घरं रिकामी करणं, सीसी (बांधकाम सुरू करण्याची परवानगी), बांधकामावर देखरेख, ओसी, ताबा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ७९अ खालचे पुनर्विकासाचे निर्देश टीममधल्या प्रत्येकाला माहीत हवेत. मूळ निर्देश ३ जानेवारी २००९ चे, सुधारित ४ जुलै २०१९ चे. सुधारित निर्देशांत विशेष सभेला दोन तृतीयांश गणपूर्ती आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती आहे. नेमकं इथे जुना तीन चतुर्थांशाचा आकडा सांगून टीम फसतात. कमिटीत वकील असेल तर तो विचारेल, की हे निर्देश बंधनकारक आहेत का. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांत ते मार्गदर्शक स्वरूपाचे मानले गेले आहेत. तरीही ते पाळले तर पुढे निबंधकांकडे तक्रार झाली तरी सोसायटीची बाजू भक्कम राहते, असं सांगा.

अक्षरं २४ पॉइंटच्या खाली नकोत. एका स्लाइडवर एकच तक्ता.

५. शुल्काची मांडणी

शुल्क एका पानावर, टप्प्याटप्प्याने, जीएसटीसह. सल्लागार सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. ८ लाख रुपये सांगितले तर ९ लाख ४४ हजार हा आकडाही तिथेच दिसला पाहिजे. ‘टॅक्स एक्स्ट्रा’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं ट्रेझरर हमखास शोधतात आणि मोठ्याने वाचतात.

काय समाविष्ट नाही ते लिहा: मोजणी, माती परीक्षण, महापालिकेची फी, वकिलाचं शुल्क, किती बैठकांनंतर वेगळा आकार. आणि प्रकल्प अर्धवट थांबला तर कुठल्या टप्प्यापर्यंतचे पैसे देय, तेही.

सगळ्यात नाजूक मुद्दा पैसे कोण देणार हा. अनेक ठिकाणी सोसायटीकडे फंड नसतो, त्यामुळे विकासक आल्यावर त्याच्याकडून शुल्क वसूल करायचं असं ठरतं. पण विकासकाने थेट तुम्हाला चेक दिला तर तुम्ही कुणाचे, हा प्रश्न उरतोच. स्वच्छ मांडणी अशी: करार सोसायटीशी, बिल सोसायटीच्या नावाने, विकासक रक्कम सोसायटीकडे भरणार आणि सोसायटी तुम्हाला देणार. हे विचारण्याआधीच सांगा.

कमी शुल्कावर काम ओढू नका. आर्किटेक्टांच्या १९८९ च्या व्यावसायिक आचरण नियमांत भेटवस्तू, कमिशन किंवा आमिष देण्याला मनाई आहे, आणि दुसऱ्या आर्किटेक्टला डावलून काम मिळवण्याचा प्रयत्न करण्यालाही. मुलाखतीला मिठाईचे खोके घेऊन जाणाऱ्या टीम आहेत. नेऊ नका.

६. प्रश्नांची वही

तीस-चाळीस प्रश्न लिहून काढा. प्रत्येक प्रश्नासमोर उत्तर देणाऱ्याचं नाव आणि तीन ओळींचं उत्तर. काही प्रश्न जवळपास प्रत्येक सोसायटीत येतात.

‘आम्हाला एक्स्ट्रा किती मिळणार?’ पहिला प्रश्न हाच, आणि सगळ्यात मोठा सापळाही हाच. आधीची फर्म ४५ टक्के जादा क्षेत्र सांगून गेलेली असते. तुम्ही आकडा वाढवायचा नाही आणि हात झटकायचे नाहीत. गृहीतकं सांगा: रस्ता एवढा, भूखंड एवढा, विक्रीचा दर अमुक धरला, तर सभासदाला या पट्ट्यात मिळू शकतं, नक्की आकडा टेंडर ठरवेल. हिशेबाचं एक पान हातात ठेवा आणि मागितलं तर द्या. समोर आकडेमोड दाखवली की फुगवलेला आकडा आपोआप उघडा पडतो, कुणाचं नाव घ्यावं लागत नाही.

‘बिल्डर मध्येच सोडून गेला तर?’ इथे ‘आम्ही चांगलाच बिल्डर आणू’ हे उत्तर नव्हे. बँक गॅरंटी (२००९ च्या निर्देशांत प्रकल्पखर्चाच्या २० टक्के सांगितली आहे), भाड्याचे आगाऊ चेक, टप्प्याशी बांधलेली विक्रीची परवानगी, करार रद्द करण्याचं कलम आणि महारेरा नोंदणी, अशी साखळी सांगा. यातलं काय तुमच्या हातात आहे आणि काय वकिलाच्या, तेही सांगा.

‘तुमच्याकडे एखादा बिल्डर आहे का?’ हा प्रश्न कधी हसत, कधी आडून येतो. उत्तर एकाच शब्दात: ‘नाही’, आणि टीमच्या प्रत्येकाच्या तोंडी तेच. फर्म एखाद्या विकासकाचं दुसरं काम करत असेल तर ते नाव आधीच जाहीर करा आणि तो टेंडर भरणार असेल तर तुम्ही काय कराल ते सांगा. लपवलेली गोष्ट एसजीएमपर्यंत बाहेर येतेच.

‘आपणच केलं तर?’ म्हणजे स्वयंपुनर्विकास. १३ सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयापासून याबद्दल सोसायट्या विचारू लागल्या आहेत. याला नाक मुरडू नका आणि भुलवूही नका. कर्ज कुठून, विक्रीची घरं कुणी विकायची, कमिटीतले किती जण रोज दोन तास देतील, हे तीन प्रश्न समोर ठेवा. दोन्ही पर्यायांची तुलना फिजिबिलिटी अहवालात देऊ, असं म्हणा.

‘इमारत धोकादायक आहे का?’ स्ट्रक्चरल इंजिनिअरने इथे जपून बोलायचं. ३० वर्षांवरच्या इमारतींना मुंबईत स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं, आणि अहवालात सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ असे वर्ग असतात. नुसतं फिरून पाहून ‘ही तर सी-१ आहे’ म्हणू नका. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याची इमारत. हे वाक्य त्याच रात्री सोसायटीच्या ग्रुपवर जातं आणि घबराट होते.

‘तुमचा अमुक ठिकाणचा प्रकल्प का अडकला?’ शोध घेऊनच हा प्रश्न विचारलेला असतो. खरं कारण, आजची स्थिती, पुढची तारीख. एवढंच. दुसऱ्यावर ढकलू नका.

याशिवाय: विरोध करणाऱ्या सभासदांचं काय, दुकानदारांना काय, प्रत्येकाला पार्किंग मिळेल का, बंद बाल्कनीचं क्षेत्र धरणार का, किती काळ बाहेर राहावं लागेल, एका वेळी किती प्रकल्प सांभाळता. बाल्कनीवर जागच्या जागी निर्णय देऊ नका. मंजूर नकाशा हा आधार, एवढंच म्हणा. समोरच्या निम्म्या लोकांच्या बाल्कन्या बंद असतात.

उत्तर येत नसेल तर ‘दोन दिवसांत लेखी देतो’ म्हणा आणि तिथल्या तिथे लिहून घ्या. हे एका बैठकीत दोनदा चालतं, पाचदा नाही.

७. रंगीत तालीम

दोनदा करा. पहिली टीमपुरती, घड्याळ लावून, वेळ आणि क्रम बसवण्यासाठी. दुसरी मुलाखतीच्या दोन दिवस आधी, ऑफिसमधल्या इतर चार जणांना कमिटी करून. प्रत्येकाला एक भूमिका द्या: आकड्यांत शिरणारे ट्रेझरर, ‘रीडेव्हलपमेंट नकोच’ म्हणणाऱ्या आजी, तळमजल्याचे दुकानदार, आणि दुसऱ्याच फर्मला काम द्यायचं मनात पक्कं केलेले सभासद. हा शेवटचा माणूस खऱ्या मुलाखतीत असतोच. त्याच्या खोचक प्रश्नाला तो सोडून बाकीच्यांकडे बघत शांतपणे उत्तर देण्याचा सराव करा.

तालमीत पुढच्या गोष्टी पकडा. सहकाऱ्याचं उत्तर मधेच तोडणं, किंवा त्याने दिलेल्या बरोबर उत्तरात आणखी भर घालणं. दोन्हींमुळे टीम एकमेकांवर विश्वास ठेवत नाही असं दिसतं. दोघांनी दोन आकडे सांगणं. स्क्रीनकडे तोंड करून वाचणं. ‘सर, बेसिकली’ने प्रत्येक वाक्य सुरू करणं. एका उत्तराला दीड मिनिट, त्याहून जास्त नाही.

शक्य असेल तर मोबाइलवर चित्रण करा आणि आवाज बंद करून बघा. कोण कंटाळलेला दिसतो ते लगेच कळतं.

८. सोबतचं सामान

मुलाखती बहुतेक रात्री साडेआठ-नऊला, रविवारी सकाळी किंवा गच्चीवर. तिथे वायफाय नाही, कधी पडदाही नाही, चादर असते. म्हणून:

– स्वतःचा प्रोजेक्टर, एचडीएमआय केबल, टाइप-सीचा जोड, लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड
– प्रेझेंटेशनची पीडीएफ दोन पेनड्राइव्हवर आणि फोनमध्ये. व्हिडिओ असेल तर ऑनलाइनवर विसंबून नाही
– ए-थ्री आकारात छापलेले संच, कमिटीच्या संख्येपेक्षा तीन जास्त. प्रोजेक्टर बंद पडला तर यावरच पूर्ण मुलाखत झाली पाहिजे
– क्षेत्रफळाच्या हिशेबाचं पान, शुल्काचं पान
– एक फाइल: कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं नोंदणीपत्र, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा परवाना, पॅन, जीएसटी, भागीदारी करार, गेल्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, व्यावसायिक दायित्व विमा असेल तर पॉलिसी, पूर्ण कामांच्या ओसीच्या प्रती
– संदर्भासाठी तीन सोसायट्यांचे संपर्क

संदर्भ देण्याआधी त्या सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांची परवानगी घ्या आणि फोन येणार असल्याचं कळवा. तीनपैकी एक असा द्या जिथे अडचण आली होती आणि निभावली गेली. कमिटी फोन करतेच, आणि अडचणीच्या वेळी तुम्ही फोन उचलत होतात का, हेच विचारते.

अर्धा तास आधी पोहोचा, पण आधीची फर्म बसली असेल तर दाराशी घुटमळू नका. सभासदांशी खाली गप्पा मारताना शुल्क आणि टक्के यांवर बोलू नका. मुलाखतीच्या आधी एखादा गट ‘आमच्या घरी चहाला या’ म्हणतो. नम्रपणे नाही म्हणा. सोसायटीत दोन तट असतात आणि एका तटाचे म्हणून शिक्का बसला की दुसरा तट एसजीएममध्ये तुम्हाला पाडतो.

९. एसजीएममधली दुसरी फेरी

कमिटीने पसंत केलं तरी साठ-सत्तर सभासदांसमोर उभं राहावं लागतं. इथे पाच ते सात मिनिटं, चार स्लाइड, हातात माइक. कमिटीसमोर चाललेला एफएसआयचा तक्ता इथे चालत नाही. काय करणार, किती टप्पे, तुमची संमती कुठे कुठे लागेल आणि अडलं तर कुणाला फोन करायचा, हे चार मुद्दे पुरेत. दुसऱ्या फर्मबद्दल कुणी विचारलं तर एक शब्दही नाही.

वादावादी सुरू झाली तर ती सभासदांची आपसातली असते, तुम्ही मध्ये पडू नका. चेअरमननी विचारलं तरच बोला. मतदानाच्या वेळी बाहेर जायला सांगतात. सांगण्याआधीच उठलात तर बरं दिसतं.

१०. त्यानंतर

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सेक्रेटरींना एक पत्र: तिथे राहिलेल्या प्रश्नांची लेखी उत्तरं, मागितलेले कागद, आणि मुलाखतीत तोंडी सांगितलेल्या गोष्टींत काही बदल असेल तर तो. आभाराचे चार परिच्छेद नकोत.

काम मिळालं तर नियुक्तीपत्र आणि एसजीएमच्या इतिवृत्ताची प्रत हातात आल्याशिवाय मोजणीसुद्धा सुरू करू नका. ठरावात तुमच्या फर्मचं नाव, शुल्क आणि कामाची व्याप्ती तीनही नीट लिहिली आहेत का ते वाचा. ‘पीएमसी नेमण्यास मंजुरी’ एवढाच मोघम ठराव असेल तर दुरुस्ती मागा. पुढे कमिटी बदलली की नवे पदाधिकारी पहिला आक्षेप यावरच घेतात.

नाही मिळालं तर आठवड्याभराने सेक्रेटरींना फोन करून गुणांकनाचा तक्ता विचारा. अनेक जण सांगतात. कुठल्या प्रश्नाला कुणी अडखळलं, ते वहीत त्या प्रश्नासमोर लिहून ठेवा.